अतिवास्तववादी रेखाटनांमधील आदिम प्रतिमा आणि त्यांची तुलना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कलेच्या संदर्भात ‘आदिमवाद’ म्हणजे नेमके काय, आणि अतिवास्तववाद्यांकडे तो कोणत्या वाटेने आला?

आफ्रिका, ओशनिया किंवा अमेरिका येथील मूळ रहिवाशांनी घडवलेल्या कलेला आदिमवाद म्हणत नाहीत. ती कला पाहून युरोपीय चित्रकारांच्या मनात जी ओढ, जी कल्पना आणि पुष्कळदा जो गैरसमज निर्माण झाला, त्यातून त्यांनी जे घडवले त्याला आदिमवाद म्हणतात. त्यामुळे हे विशेषण अतिवास्तववादी चित्रकार मॅक्स अर्न्स्टच्या पक्षीमानवाला लावता येते. ज्या कारागिराने आपल्या गावच्या विधीसाठी मुखवटा कोरला त्याला ते लावता येत नाही. ही सीमारेषा सुरुवातीलाच आखून घेतली नाही, तर पुढची सगळी तुलना भरकटते.

कवी आंद्रे ब्रेताँने १९२४ साली अतिवास्तववादाचा, म्हणजे विवेकाचा ताबा झुगारून अबोध मनातून निर्मिती करू पाहणाऱ्या सर्रिअ‍ॅलिझम या चळवळीचा, जाहीरनामा प्रसिद्ध केला, तेव्हा ही ओढ पॅरिसमध्ये जुनी झाली होती. गोगँ १८९१ मध्ये ताहितीला गेला होता आणि पिकासोने १९०७ च्या सुमारास त्रोकादेरोच्या मानववंशसंग्रहालयात आफ्रिकी मुखवटे पाहिले होते. मात्र क्युबिस्टांनी, म्हणजे वस्तूंचे भौमितिक आकारांत तुकडे करून मांडणाऱ्या चित्रकारांनी, त्या वस्तूंतून प्रामुख्याने आकार घेतला, तर अतिवास्तववाद्यांना त्या आकारामागचे मन हवे होते. फ्रॉइडचे टोटेम (कुळाचे पवित्र चिन्ह) आणि निषिद्धाविषयीचे पुस्तक १९१३ मध्ये आले होते, ल्युसिआँ लेव्ही-ब्रुलचे ‘आदिम मनोवृत्ती’वरचे पुस्तक १९२२ मध्ये, आणि पहिल्या महायुद्धात मनोरुग्णांच्या वॉर्डात काम केलेल्या ब्रेताँला तर्काने न पोखरलेले मन शोधायचे होते. चित्रकलेवरचा त्याचा दीर्घ निबंध ‘डोळा रानटी अवस्थेत असतो’ अशा आशयाच्या वाक्यानेच सुरू होतो. आफ्रिकी शिल्पापेक्षा न्यू गिनी, न्यू आयर्लंड, ईस्टर बेट आणि अमेरिकेचा वायव्य किनारा येथील वस्तू या मंडळींना अधिक भावल्या, कारण त्यांत माणूस, पक्षी आणि मासा यांच्यातली हद्द पुसट असते.

तैलचित्रे सोडून रेखाटनांचाच वेगळा विचार कशासाठी?

अतिवास्तववादाचा मूळ दावा वेगाशी बांधलेला आहे. विवेकाला हस्तक्षेप करायला सवड मिळू नये इतक्या झपाट्याने हात चालला पाहिजे, असे जाहीरनामा सांगतो, आणि तैलरंगाला सुकायलाच दिवस लागतात. म्हणून या चळवळीच्या बहुतेक युक्त्या, म्हणजे स्वयंचलित रेखाटन, फ्रोताज (खडबडीत पृष्ठावर कागद ठेवून पेन्सिल घासणे), घडीच्या कागदावरचे सामूहिक चित्र आणि मेणबत्तीच्या धुराने केलेले फ्युमाज, कागदाच्या आश्रयाने जन्मल्या. शिवाय कागदावर खोडाखोड लपत नाही. चित्रकाराने काय पाहिले होते आणि हाताने त्याचे काय केले, हे तैलचित्रापेक्षा रेखाटनात अधिक उघडे पडते.

आंद्रे मासाँची स्वयंचलित रेखाटने गुहाचित्रांसारखी दिसतात. हे साम्य खरे मानावे का?

दिसण्यापुरते मानावे, उगमापुरते मानू नये. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात, म्हणजे मोमात, मासाँचे १९२४ चे एक शाईचे रेखाटन आहे. त्यात सुरुवातीला नुसत्या धावत्या रेघांचा गुंता दिसतो. थोडा वेळ पाहत राहिले की त्या गुंत्यातून शरीराचे अवयव वर येऊ लागतात, पण पूर्ण देह कुठेच हाती लागत नाही. मासाँची पद्धतही तशीच होती. विषय न ठरवता लेखणी कागदावर सोडायची, आणि रेघ स्वतःहून एखाद्या प्रतिमेकडे झुकू लागली की मग तिला थोडा हात द्यायचा.

आता तारखा पाहू. लास्को येथील गुहा सप्टेंबर १९४० मध्ये सापडली, त्यामुळे १९२४ च्या रेखाटनांवर तिचा प्रभाव असण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. अल्तामिरा मात्र माहीत होती. तिथल्या चित्रांचे प्राचीनत्व १९०२ च्या सुमारास अभ्यासकांनी मान्य केले होते. दुसरा भेद अधिक महत्त्वाचा आहे. गुहेच्या भिंतीवर एका प्राण्यावर दुसरा प्राणी चढलेला दिसतो, तेव्हा त्या दोन रेघांमध्ये कधी कधी शेकडो किंवा हजारो वर्षे गेलेली असतात आणि हात वेगवेगळ्या माणसांचे असतात. मासाँच्या कागदावर तीच गर्दी एका माणसाने काही मिनिटांत केलेली असते. १९१७ च्या लढाईत छातीला गंभीर जखम होऊन तो रणभूमीवर पडून राहिला होता. त्याच्या तुटक्या अवयवांचे स्पष्टीकरण देण्यासाठी हिमयुगापर्यंत जायची गरज आहे असे मला वाटत नाही.

मॅक्स अर्न्स्टच्या प्रतिमांचे उगम दाखवता येतात का?

काहींचे दाखवता येतात, आणि म्हणूनच तुलनेच्या अभ्यासाला अर्न्स्टपासून सुरुवात करणे सोयीचे ठरते. त्याचे प्रसिद्ध ‘सेलेबिसचा हत्ती’ (१९२१, आता लंडनच्या टेट संग्रहालयात) हे तैलचित्र आहे, रेखाटन नव्हे. पण उगम इतका स्वच्छ दाखवणारे दुसरे उदाहरण क्वचितच मिळते. एका मानववंशशास्त्रीय नियतकालिकात त्याने आफ्रिकेतल्या धान्य साठवण्याच्या मातीच्या कणगीचे छायाचित्र पाहिले. फुगीर पोटाची, पायांवर उभी असलेली ती कणगी त्याने चित्रात लोखंडी यंत्राच्या अक्राळविक्राळ हत्तीत बदलली. धान्य सांभाळणारी घरगुती वस्तू युद्धयंत्रासारखी दिसू लागते, आणि हा सगळा प्रवास छापील छायाचित्रावरून झालेला आहे. कणगी ज्यांची, ते लोक या व्यवहारात कुठेही नाहीत.

रेखाटनांकडे वळायचे तर १९२५ चा ऑगस्ट महत्त्वाचा. अर्न्स्टने स्वतः सांगितल्याप्रमाणे, फ्रान्सच्या समुद्रकाठी पोर्निक येथील एका खानावळीत घासून घासून उठून दिसणाऱ्या लाकडी फळ्यांवर त्याने कागद ठेवला आणि त्यावरून पेन्सिल घासली. या घर्षणातून उमटलेल्या पोतांना त्याने जंगल, समुद्र, पक्षी, डोळा असे रूप दिले, आणि निवडक ३४ चित्रांचा संच ‘निसर्गेतिहास’ या नावाने १९२६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ‘प्रकाशाचे चक्र’ या चित्रात पानाच्या शिरांचा पोत एका अवाढव्य डोळ्याभोवती पसरलेला आहे. जवळून पाहिले तर शिरा मोजता येतील इतक्या स्पष्ट आहेत. थोडे मागे सरकले की पान नाहीसे होते आणि डोळाच रोखून पाहत राहतो. या संचात कुठल्याही जमातीचा मुखवटा नाही. तरीही मला तो अर्न्स्टच्या कामातला सर्वांत सखोल आदिमवाद वाटतो, कारण त्यात मनुष्यपूर्व जगाची कल्पना आहे आणि संचाच्या शेवटच्या पानावर पाठमोरी ईव्ह उभी आहे. इथे ‘आदिम’ म्हणजे दुसऱ्याची संस्कृती नाही, काळाची सुरुवात आहे. हे दोन अर्थ अभ्यासात एकमेकांत मिसळू देऊ नयेत.

अर्न्स्टचा पक्षीमानव ईस्टर बेटावरून आला, असे म्हणतात ते कितपत खरे आहे?

अर्धे खरे आहे. ईस्टर बेटावर ओरोंगो येथील खडकांवर पक्ष्याचे डोके आणि माणसाचे वाकलेले अंग असलेल्या आकृती कोरलेल्या आहेत. त्या तांगाता मानूच्या, म्हणजे त्या वर्षीच्या पक्षीमानवाच्या प्रथेशी निगडित आहेत. समोरच्या मोतू नुई या खडकाळ बेटावरून समुद्रपक्ष्याचे हंगामातले पहिले अंडे ज्याच्या वतीने आणले जाई, त्याला वर्षभर पवित्र स्थान मिळत असे. अर्न्स्टला या बेटाची माहिती होती, याला पुरावा त्याच्याच कामात आहे: १९३४ च्या कोलाज-कादंबरीतल्या एका विभागात ईस्टर बेटावरच्या पाषाणमूर्तींची डोकी भद्रलोकांच्या दिवाणखान्यातल्या माणसांच्या खांद्यांवर बसवलेली आहेत.

परंतु लोपलोप नावाच्या त्याच्या पक्ष्याची दुसरी मुळेही आहेत. लहानपणी त्याचा लाडका काकाकुवा मेला त्याच सुमारास बहिणीचा जन्म झाला, आणि पक्षी व माणूस यांची आपल्या मनात कायमची गल्लत झाली, असे त्याने आत्मकथनात लिहिले आहे. ही आठवण त्याने फ्रॉइड वाचून रंगवली असण्याची शक्यता धरूनच ती वाचावी. तरीही मुद्दा उरतो: ईस्टर बेटावर पक्षीमानव हे समाजाने मान्य केलेले, सत्तेशी जोडलेले पद होते; अर्न्स्टकडे ते एका माणसाचे खासगी टोपणरूप झाले. आकार सारखा आहे, काम अगदी वेगळे आहे.

घडीच्या कागदावरची सामूहिक चित्रे आणि टोटेम खांब यांची तुलना अनेक जण करतात. ती योग्य आहे का?

ही तुलना मला उपयुक्त वाटते, पण तिचा उपयोग साम्यापेक्षा भेद दाखवण्यासाठी अधिक होतो. ‘काद्‌आव्र एक्स्की’ नावाचा हा खेळ १९२५ च्या सुमारास पॅरिसमधल्या र्‍यू द्यु शातो येथील घरात सुरू झाला. कागदाला आडव्या घड्या घालायच्या, पहिल्याने डोके काढायचे आणि घडीखाली दोन रेघांची टोके तेवढी बाहेर ठेवायची, दुसऱ्याने त्या टोकांवरून धड पुढे न्यायचे, तिसऱ्याने पाय. इव्ह तांगी, जोआन मिरो, मॅक्स मोरीझ आणि मॅन रे यांनी मिळून केलेले असे एक चित्र मोमात आहे. कागदाच्या घड्या अजूनही दिसतात, आणि प्रत्येक घडीपाशी चित्राची शैली एकदम तुटते.

वायव्य किनाऱ्यावरच्या खांबांतही आकृत्या एकावर एक रचलेल्या असतात. पण त्या आकृत्या एखाद्या घराण्याची चिन्हे असतात, ती कोरण्याचा हक्क वारशाने किंवा समारंभपूर्वक मिळतो, आणि कारागीर एका आकृतीची शेपटी दुसरीच्या कानांमध्ये अशी गुंतवतो की सांधा सापडत नाही. खांबावर वंशाची नोंद असते. घडीच्या कागदावर योगायोगाची. एका ठिकाणी प्रत्येक आकृतीला मालक आहे, दुसऱ्या ठिकाणी चित्र कोणाचेच राहू नये हाच हेतू आहे. खेळाचा उगमही घरगुती करमणुकीच्या शब्दखेळांत आहे, खांबांत नाही.

लहान मूल, मनोरुग्ण आणि ‘आदिम’ माणूस यांना एकाच मापाने का मोजले जाई?

कारण तिघेही ‘सुसंस्कृत प्रौढ पुरुष’ या कल्पनेच्या बाहेर पडत होते. हायडेलबर्गचे मनोविकारतज्ज्ञ हान्स प्रिन्झहॉर्न यांचे मनोरुग्णांच्या चित्रांवरचे पुस्तक १९२२ मध्ये निघाले. अर्न्स्टने त्याची प्रत कवी पॉल एल्युआरला दिली आणि जर्मन न वाचताही पॅरिसच्या मंडळींनी त्यातली चित्रे डोळ्यांत साठवून घेतली. या त्रिकुटाची कल्पना जुन्या उत्क्रांतीच्या शिडीवर उभी होती, आणि ती शिडी चूक आहे. ओशनियातला कारागीर प्रौढ असतो, प्रशिक्षित असतो आणि नियमांनी बांधलेला असतो. त्याच्या कामात ‘मुक्त हात’ शोधणे म्हणजे त्याचे शिक्षणच नाकारणे होय.

या तुलनेचा दुसरा चेहरा लवकरच दिसला. नात्सी राजवटीने ‘विकृत कले’चे जे प्रदर्शन १९३७ मध्ये भरवले, त्याच्या मार्गदर्शक पुस्तिकेत आधुनिक चित्रांशेजारी प्रिन्झहॉर्न संग्रहातली चित्रे छापून ‘पाहा, दोन्ही सारखीच’ असे दाखवले गेले. अर्न्स्टचे कामही त्या प्रदर्शनात होते. ब्रेताँने जे साम्य गौरवासाठी दाखवले तेच इथे बदनामीसाठी वापरले गेले. दोन चित्रे शेजारी ठेवण्याच्या कृतीला स्वतःचे असे मत नसते. मत तुलना करणाऱ्याकडून येते.

विफ्रेदो लामची रेखाटने वेगळी का मानली जातात?

या सगळ्या चर्चेत लामचे नाव पुन्हा पुन्हा येते, कारण आदिमवादाचा आरसा त्याने उलटा धरला. त्याचा जन्म १९०२ मध्ये क्युबातल्या सागुआ ला ग्रांदे येथे झाला. वडील चिनी स्थलांतरित, आईकडून आफ्रिकी आणि स्पॅनिश वारसा, आणि धर्ममाता मांतोनिका विल्सन ही सान्तेरिया पंथाची, म्हणजे आफ्रिकी देवतांच्या क्युबातल्या उपासनेची, पुजारीण. म्हणजे ब्रेताँ ज्या जगाची स्वप्ने पुस्तकांतून पाहत होता, ते जग लामच्या घराशेजारी होते. तरीही गोष्ट इतकी सरळ नाही. १९२३ मध्ये तो स्पेनला गेला, तिथे अकादमीच्या वळणाची चित्रकला शिकला, यादवी युद्ध चालू असतानाच १९३८ मध्ये पॅरिसला आला, आणि आफ्रिकी शिल्पांशी त्याची ओळख तिथे पिकासो आणि लेखक-मानववंशशास्त्रज्ञ मिशेल लेरिस यांच्यामुळे वाढली. सान्तेरियाच्या देव्हाऱ्यात दगड, शिंपले आणि भांडी असतात. पश्चिम आफ्रिकी मुखवटे नसतात. लामच्या चित्रातला मुखवटा बव्हंशी पॅरिसच्या संग्रहालयांतून आलेला आहे, त्यामागचा आशय क्युबातून. हे दोन धागे वेगळे न ओळखता ‘आफ्रिकी रक्ताची हाक’ वगैरे लिहिणाऱ्या समीक्षकांनी लामवर अन्यायच केला आहे.

१९४० च्या अखेरीस जर्मन फौजांपासून पळालेले अनेक कलावंत मार्सेयमध्ये जहाजाची वाट पाहत अडकले होते. तिथे लामने शाई आणि पेन्सिलीची रेखाटने भराभर केली, आणि त्यांतली काही ब्रेताँच्या ‘फाता मॉर्गाना’ या दीर्घकवितेसाठी होती. जर्मनांशी सहकार्य करणाऱ्या फ्रान्सच्या विशी सरकारच्या सेन्सॉरने त्या पुस्तकाचे वितरण रोखले. या रेखाटनांत बाईचे केस घोड्याच्या आयाळीत उतरतात, कपाळावर शिंग उगवते, एका चेहऱ्यात दुसरा चेहरा बसतो. रेघ बारीक आणि ठाम आहे. मासाँची धावपळ तिच्यात नाही. लामला कुठे जायचे ते आधीच ठाऊक असावे, असे ती पाहताना वाटते.

घोडा-स्त्रीची ही प्रतिमा पुढे त्याच्या कामाचा कणा बनली. सान्तेरियात ओरिशा, म्हणजे देव, भक्तावर आरूढ होतो आणि त्या भक्ताला देवाचा घोडा म्हटले जाते. अंगात येणे ही गोष्ट आपल्या वाचकाला समजावून सांगावी लागणार नाही. खेडोपाडी देवाचे वारे आलेला माणूस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना लामच्या ताणलेल्या माना आणि लांबलेले जबडे केवळ शैलीचा खेळ वाटणार नाहीत. त्याच्या चित्रांत इकडेतिकडे दिसणारे छोटे, गोल, शिंगे असलेले डोके वाटांचा आणि चौरस्त्यांचा रक्षक असलेल्या एलेग्वाचे मानले जाते. अर्न्स्टचा पक्षी खासगी होता. लामचा घोडा एका जिवंत उपासनेतला आहे, आणि ती उपासना गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी मालकांच्या नजरेआड टिकवलेली आहे.

लामचे ‘जंगल’ हे चित्र या चर्चेत कुठे बसते?

‘जंगल’ (१९४२–४३) मोमात आहे. ते कॅनव्हासवर चिकटवलेल्या कागदावर केलेले, सुमारे २.४ मीटर उंचीचे काम आहे, आणि त्याची रचना रंगापेक्षा रेघेवर उभी असल्याने त्याला मोठ्या आकाराचे रेखाटन म्हणणेही चुकीचे ठरणार नाही. चंद्रकोरीसारखे चेहरे, अजस्र पावले, फळांसारखी स्तने, आणि उजवीकडे वरच्या कोपऱ्यात कात्री धरलेला एक हात असे त्याचे स्वरूप आहे. शीर्षक ऐकून युरोपीय प्रेक्षकाला दाट अरण्य दिसते. पण मागच्या उभ्या दांड्यांकडे नीट पाहावे: त्यांना पेरे आहेत. तो ऊस आहे. सांगली-कोल्हापूरकडच्या वाचकाला ते क्षणात ओळखू येईल. क्युबात साखरेच्या मळ्यांसाठीच आफ्रिकी माणसे गुलाम म्हणून आणली गेली. म्हणजे ज्याला आपण अस्पर्श निसर्ग समजतो, तो प्रत्यक्षात नफ्यासाठी लावलेला फड आहे, आणि त्यात उभ्या असलेल्या आकृती तिथेच राबणाऱ्यांच्या वंशातल्या आहेत. आपल्या चित्रांनी ट्रोजन घोड्यासारखे काम करावे आणि शोषकांची स्वप्ने उधळून लावावीत, अशा अर्थाचे लामचे विधान प्रसिद्ध आहे. युरोपला जी आदिम प्रतिमा हवी होती तीच त्याने पुढे केली, आणि तिच्या पोटात मळ्याचा इतिहास भरून ठेवला.

मार्सेय सोडल्यावर १९४१ मध्ये ब्रेताँ, लाम आणि मानववंशशास्त्रज्ञ क्लोद लेव्ही-स्त्रोस ज्या जहाजातून निघाले ते मार्तिनिकला थांबले. तिथे लामची त्या बेटावरचा कवी एमे सेझेर याच्याशी भेट झाली. सेझेरच्या मायदेशी परतण्याविषयीच्या दीर्घकवितेचा स्पॅनिश अनुवाद १९४३ मध्ये हवानात लामच्या रेखाटनांसह निघाला. ‘फाता मॉर्गाना’ आणि सेझेरची कविता या दोन पुस्तकांतली लामची रेखाटने शेजारी ठेवून पाहणे हा या विषयातला उत्तम अभ्यास होईल.

अतिवास्तववादी वसाहतवादाच्या विरोधात होते ना? मग त्यांच्या आदिमवादावर टीका का होते?

ते विरोधात होते, आणि त्यांच्या काळाच्या मानाने धीटपणे होते. १९३१ मध्ये पॅरिसजवळ व्हँसेन येथे भव्य वसाहत प्रदर्शन भरले, तेव्हा ‘या प्रदर्शनाला जाऊ नका’ असे पत्रक त्यांनी काढले. त्याच वर्षी ‘वसाहतींविषयीचे सत्य’ या प्रतिप्रदर्शनातही त्यांचा सहभाग होता; तिथे ख्रिस्ती धार्मिक मूर्ती ‘युरोपीय फेटिश’ (फेटिश म्हणजे जादुई शक्ती असल्याचे मानली जाणारी वस्तू) अशी चिठ्ठी लावून मांडल्या होत्या. ही थट्टा आजही चपखल वाटते.

पण त्याच वर्षी जुलैमध्ये ब्रेताँ आणि एल्युआर यांनी आपला आफ्रिका, अमेरिका आणि ओशनियातल्या वस्तूंचा संग्रह द्रुओ लिलावगृहात विकायला काढला. वसाहत प्रदर्शनामुळे अशा वस्तूंकडे लोकांचे लक्ष वळलेले असताना हा लिलाव झाला, हे विसरता येत नाही. वसाहतींना विरोध आणि वसाहतींमधून आलेल्या वस्तूंचा व्यापार हे एकाच घरात नांदत होते. मला यात ढोंग कमी आणि आंधळेपणा अधिक दिसतो: वस्तू त्यांना इतक्या जिवंत वाटत होत्या की त्या कोणाच्या हातून सुटून पॅरिसला आल्या हा प्रश्न मागे पडला.

‘दोन्हींत साम्य आहे’ एवढे दाखवणे अपुरे का मानतात?

न्यूयॉर्कच्या मोमात १९८४ मध्ये विल्यम रुबिन यांनी विसाव्या शतकातल्या कलेतील आदिमवादावर भरवलेले प्रदर्शन याचे उत्तर देते. आधुनिक कलाकृती आणि आदिवासी वस्तू तिथे शेजारी मांडल्या होत्या. जिथे प्रत्यक्ष प्रभाव सिद्ध होत नव्हता तिथे ‘आंतरिक नाते’ मानले गेले. समीक्षक थॉमस मॅकएव्हिली आणि अभ्यासक जेम्स क्लिफर्ड यांनी त्यावर कठोर टीका केली: आधुनिक चित्रकाराचे नाव, वर्ष आणि हेतू सांगितला जातो, तर मुखवट्याचा कर्ता, त्याचा काळ आणि त्याचा उपयोग गाळला जातो, मग साम्य उरणारच. माहिती जितकी कमी द्यावी तितके नाते घट्ट दिसते. रुबिन यांची विद्वत्ता मोठी होती आणि त्यांच्या ग्रंथातली उगमांची नोंद आजही उपयोगी पडते, पण मांडणीवरचा हा आक्षेप मला निर्णायक वाटतो.

कोणी प्रत्यक्ष जाऊन पाहिले होते का?

थोड्यांनी. अतिवास्तववादी चित्रकार वोल्फगांग पालेन १९३९ मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर हिंडला, मग मेक्सिकोत स्थायिक झाला आणि ‘डिन’ (Dyn) हे नियतकालिक काढून १९४३ च्या जोडअंकात अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या कलेवर गंभीर लेखन केले. विशेष म्हणजे त्याआधी १९४२ मध्येच त्याने अतिवास्तववादाला जाहीर निरोप दिला होता. चित्रकार लिओनोरा कॅरिंग्टनने मेक्सिकोच्या मानववंश संग्रहालयासाठी माया जगावरचे भित्तिचित्र करण्यापूर्वी चियापासमध्ये राहून तिथल्या विधींची आणि माणसांची टिपणे रेखाटली. ब्रेताँ स्वतः १९४५ मध्ये अमेरिकेतल्या होपी या मूळ रहिवाशांच्या वस्त्यांना भेट देऊन आला. प्रवास केल्याने दृष्टी आपोआप बदलते असे नाही, पण पालेनच्या लेखनात वस्तूंच्या मालकांची आणि समाजरचनेची दखल दिसते, ती पॅरिसमध्ये बसून लिहिणाऱ्यांत क्वचितच सापडते.

रवींद्रनाथ ठाकुरांची रेखाटने या चर्चेत घ्यावीत का?

घ्यावीत, पण अतिवास्तववादी म्हणून नव्हे. हस्तलिखितातल्या खोडलेल्या ओळी जोडत जोडत त्यांनी विचित्र पशुपक्षी निर्माण केले. ‘पूरबी’ या काव्यसंग्रहाच्या १९२४ च्या वहीत हे ठळकपणे दिसते. ठरवून न काढता रेघेला वाट देण्याची ही रीत त्याच वर्षीच्या मासाँशी जुळते, मात्र दोघांचा परस्परांशी संबंध नव्हता. रवींद्रनाथांच्या काही प्रतिमांचे नाते अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या आणि न्यू आयर्लंडच्या कोरीवकामाशी अभ्यासकांनी दाखवले आहे. आणखी एक योग लक्षात घेण्यासारखा आहे. मे १९३० मध्ये त्यांचे प्रदर्शन पॅरिसच्या गॅलरी पिगालमध्ये झाले. त्याच गॅलरीत त्याच वर्षी काही महिने आधी आफ्रिकी आणि ओशनियन कलेचे मोठे प्रदर्शन भरले होते, आणि त्याच्या आयोजकांत कवी त्रिस्ताँ झारा होता. पूर्वेच्या ऋषीची कला पाहायला आलेल्या पॅरिसकरांच्या नजरेत आधीची प्रतिमा शिल्लक असणे स्वाभाविक होते. भारतीय माणूस इथे ‘आदिम’ ठरवला जाणारा आणि स्वतः दूरच्या आदिम वस्तू पाहणारा अशा दोन्ही बाजूंना उभा आहे.

मिरोच्या आकृत्या आणि वारली चित्रे यांची तुलना करता येईल का?

वारली लग्नचौक हे पालघाट देवीचे, लग्नविधीचे चित्र आहे. सवाशिणी ते भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढत आल्या. मिरोशी त्याचा ऐतिहासिक संबंध नाही, त्यामुळे ‘दोन्हींत काड्यांची माणसे आहेत’ एवढ्यावर लेख लिहिणे म्हणजे १९८४ चीच चूक घरी आणणे होय. जिव्या सोमा म्हसे यांच्याविषयी लिहायचे तर नाव असलेला, विधीच्या भिंतीवरून कागदावर आलेला आधुनिक चित्रकार म्हणून लिहावे. २००३ मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फ येथे ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांच्यासोबत त्यांचे प्रदर्शन झाले, तेव्हा दोन्ही बाजूंना नाव होते.

तुलनात्मक निबंध लिहिताना सुरुवात कुठून करावी?

साम्यापासून करू नये. आधी रेखाटनाची तारीख पक्की करावी, मग त्या तारखेला चित्रकाराला ती वस्तू कुठे दिसू शकत होती हे शोधावे: संग्रहालयात, विक्रेत्याकडे, नियतकालिकातल्या छायाचित्रात की लहानपणी घराजवळ. त्यानंतर हाताचे तंत्र पाहावे, कारण घासून उमटलेली प्रतिमा आणि ठाम रेघेने काढलेली प्रतिमा सारखी दिसली तरी सारखी नसते. वस्तूचा मूळ उपयोग आणि तिच्यावरचा हक्क यांना चित्राइतकीच जागा द्यावी. इतके झाल्यावर जे साम्य टिकेल तेवढेच लिहावे. बहुधा ते सुरुवातीला वाटले होते त्यापेक्षा कमी आणि अधिक रोचक असते.

मूळ रेखाटने आणि संग्रहातल्या वस्तू आज कुठे आहेत?

मासाँचे स्वयंचलित रेखाटन, मिरो-तांगी मंडळींचे घडीचे चित्र आणि लामचे ‘जंगल’ न्यूयॉर्कच्या मोमात आहेत, पण कागदावरची कामे प्रकाशाने खराब होत असल्याने ती कायम भिंतीवर नसतात. जाण्यापूर्वी संकेतस्थळावर पाहून घ्यावे. ब्रेताँच्या अभ्यासिकेतली वस्तूंनी भरलेली भिंत पॅरिसच्या पाँपिदू केंद्राकडे आहे. ते केंद्र नूतनीकरणासाठी २०२५ पासून बंद आहे. रवींद्रनाथांची चित्रे शांतिनिकेतनातील रवींद्र भवन आणि दिल्लीचे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय येथे आहेत. ब्रेताँच्या संग्रहातला उर्वरित मोठा भाग एप्रिल २००३ मध्ये लिलावात विखुरला गेला. मात्र वायव्य किनाऱ्यावरच्या क्वाक्वाका’वाक्व लोकांचे एक विधीचे शिरोभूषण लिलावात गेले नाही. कॅनडा सरकारने पॉटलॅच या दानाच्या समारंभावर १८८५ ते १९५१ बंदी घातली होती, त्या काळात १९२१ च्या एका समारंभानंतर जप्त झालेल्या वस्तूंपैकी ते होते. ब्रेताँच्या मुलीने ते सप्टेंबर २००३ मध्ये अलर्ट बे येथील उ’मिस्ता सांस्कृतिक केंद्राकडे परत पोहोचवले.